गृहीत धरलेले 230

थंडी पडली की गीझरचे कॉल सुरू होतात आणि तक्रार ठरलेली असते: पाणी तापायला फार वेळ लागतो. आपला वायरमन जातो, कव्हर उघडतो, क्लॅम्प मीटर लावतो. 2000 वॅटच्या गीझरने 8.7 अँपिअर घ्यायला हवेत, मीटर दाखवतो 7.45. लगेच 230 भागिले 7.45, उत्तर जवळजवळ 31 ओहम. चांगल्या एलिमेंटचा रोध साडेसव्वीसच्या आसपास असतो, म्हणजे एलिमेंट गेले. नवे एलिमेंट बसते, बिल होते, आणि क्लॅम्प मीटर पुन्हा 7.45वरच येऊन थांबतो.

भागाकार बरोबर आहे. चुकले ते 230. तो आकडा कोणी मोजलेलाच नव्हता, नेमप्लेटवर छापला होता म्हणून घेतला. गीझर चालू असताना त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज पाहिले असते तर 197 दिसले असते. 197 भागिले 7.45 म्हणजे 26.4 ओहम, एलिमेंट ठणठणीत होते. शक्तीचा हिशेबही तसाच फसतो. 230ने गुणले तर 1713 वॅट येतात, प्रत्यक्षात पाण्याला मिळतात 1468. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला 2000 वॅटला 18 मिनिटे लागतात, 1468 वॅटला 25. ग्राहक उगाच कुरकुरत नव्हता.

ज्याच्या नावाचा नियम आपण आयटीआयमध्ये घोकला, तो गेओर्ग ओहमही सुरुवातीला इथेच फसला होता. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्याने प्रयोग केले आणि 1825मध्ये जे सूत्र छापले ते चुकीचे निघाले. त्याची बॅटरी लोड पडला की बसायची आणि तारेचा दोष कोणता, बॅटरीचा कोणता, हे वेगळे करता येईना. पोगेनडॉर्फने त्याला थर्मोकपल वापरायला सुचवले. बिस्मथ आणि तांब्याच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. व्होल्टेज तसूभर हलेना. मग 1826मध्ये नियम बरोबर मिळाला. पोगेनडॉर्फ हा एका नियतकालिकाचा संपादक होता, हे सांगण्याचा मोह या खुर्चीवर बसून आवरत नाही.

आपल्याला बर्फ नको. व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी, एकाच जागी, लोड चालू असताना घेतले की पुरे.

आता त्याच घरातला दुसरा हिशेब बघा, माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा आहे. गीझर चालू असताना डीबीवर 205 व्होल्ट आहेत. बाहेरूनच कमी येत असेल तर तो वीज कंपनीचा प्रश्न. पण डीबी ते गीझर आठ व्होल्ट गेले कुठे? अंतर 20 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 40 मीटर वायर. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या लवचिक वायरला किलोमीटरमागे सुमारे 8 ओहम धरले तर 0.32 ओहम, ड्रॉप 2.4 व्होल्ट. उरलेले 5.6 व्होल्ट कुठल्यातरी एका जोडात पडताहेत. 5.6 भागिले 7.45 म्हणजे 0.75 ओहम. 5.6 गुणिले 7.45 म्हणजे जवळजवळ 42 वॅट. आपल्या हातातले सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचे असते आणि ते शिसे वितळवते. वायरमध्येही 18 वॅट जातातच, पण ते 40 मीटरभर पसरतात आणि वायर जेमतेम कोमट होते. हे 42 वॅट सॉकेटच्या एका स्क्रूखाली कोंडलेले असतात.

एमसीबी हे पाहू शकत नाही, कारण सैल जोडाने करंट वाढत नाही, उलट थोडा घटतो. आरसीसीबीलाही कळत नाही, कारण अर्थला गळती नाही. मल्टिमीटर ओहमवर ठेवून शोधायला जावे, तर त्याच्या लीड्सचाच रोध 0.2 ते 0.5 ओहम. शिवाय लाइन बंद असताना थंड जोड बरा वाटतो. स्क्रूला हात लागला की तर आणखीच बरा. म्हणून रोध मोजू नका, काढा. प्लग टॉप आणि सॉकेट, डीबीचा न्यूट्रल लिंक, मधला जंक्शन बॉक्स: जोडाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, लोड चालू ठेवून, व्होल्टेज घ्या. अर्धा व्होल्टही दिसला तर तो जोड उघडा.

हे काम चालू लाइनवरचे आहे आणि बऱ्याचदा ओल्या न्हाणीघरातले. लाइन बंद करून क्लिपा लावाव्यात, मग चालू करून लांबून रीडिंग घ्यावे, एमसीबीपाशी एक माणूस उभा असावा. हात कोरडे नसतील तर त्या दिवशी 230 धरून चाललेले परवडले.

या हंगामात गीझरच्या प्रत्येक कॉलचे तीन आकडे वहीत टिपून आमच्याकडे पाठवा: डीबीवरचे व्होल्टेज, गीझरच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज, आणि त्याच क्षणीचा करंट. मोटारीचे आकडे यात मिसळू नका. तिथे व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे वाइंडिंगचा रोध नव्हे, गुणाकार म्हणजे वॅट नव्हेत, आणि व्होल्टेज पडले की लोडवरचा पंप गीझरच्या उलट वागून जास्त करंट ओढतो. त्याचा अंक उन्हाळ्यात काढू.