कणसाचा हंगाम आणि कर्जाचा हप्ता
जयपूरच्या सी-स्कीम भागात पावसाळा लागला की भुट्टेवाल्यांच्या शेगड्या पेटतात. निखाऱ्यावर कणीस भाजून त्यावर मीठ-तिखट लावलेली लिंबाची फोड चोळायची, एवढाच हा व्यवसाय दिसतो. मात्र तोडल्यापासून कणसातील साखरेचा स्टार्च होऊ लागतो, गोडी उतरते. त्यामुळे साठा करता येत नाही. माल रोज ताजा आणि बहुधा रोखीने घ्यावा लागतो. खेळत्या भांडवलाची ही नड सावकाराने बँकांच्या फार आधी ओळखली होती.

२०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पहिले विनातारण कर्ज १०,००० रुपयांचे होते. २०२५ मध्ये ते १५,००० करण्यात आले. वेळेवर फेडणाऱ्यास ७ टक्के व्याज-अनुदानही आहे. परतफेड मात्र दरमहा हप्त्यांनी करावयाची. कणसाचा भर जुलै ते सप्टेंबर; एरवी हीच गाडी शेंगा-फुटाण्यांवर कशीबशी चालते. पीककर्जाची मुदत हंगाम पाहून ठरविण्याची रीत बँकांना नवी नाही. मग त्याच पिकाचे कणीस भाजणाऱ्यास पावसाळ्यात मोठे व उन्हाळ्यात लहान हप्ते का नसावेत? मे महिन्यात हप्ता थकला, तर २५,००० रुपयांचे दुसरे कर्ज दुरावते आणि जुलैत, नेमक्या कमाईच्या तोंडावर, विक्रेता पुन्हा सावकाराच्या दारी उभा राहतो.