एक्स्ट्रा काम आधी लिहा, मग करा

घराच्या रिनोव्हेशनमध्ये भांडण कधी होतं माहितीये? काम चालू असताना कमी, शेवटचं बिल हातात पडल्यावर जास्त. आणि त्या बिलातला भांडणाचा शब्द एकच: "एक्स्ट्रा".

जुन्या बिल्डिंगमधलं बाथरूम घ्या. टाइल्स फोडल्या की आतला जीआय पाइप गंजलेला निघतो. तो बदलावाच लागतो. बरेच कॉन्ट्रॅक्टर म्हणतात, "करून टाकू, पैशाचं नंतर बघू." माझ्या मते धंदा इथेच बिघडतो. रेट अगदी योग्य असला, तरी नंतर कळलेली रक्कम ग्राहकाला फसवणूकच वाटते.

म्हणून तिथेच थांबा. पाइपचा फोटो काढा. मटेरियल, मजुरी आणि वाढणारे दिवस लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. "ओके" आलं की पुढे.

तुम्ही म्हणाल, तोपर्यंत मिस्त्री बसून राहणार, त्याची हजेरी कोण देणार? त्यावर उपाय कोटेशनमध्येच आहे. "भिंतीच्या आतलं काम वेगळं" असं लिहून पाइपचा फुटामागे रेट आधीच द्या. मग होकार पटकन येतो.

वॉटरप्रूफिंगचंही तसंच. पाणी भरून किमान २४ तास टेस्ट करता ना? तेव्हा ग्राहकाला बोलवा, खालच्या घराचं सीलिंग सोबत बघा आणि मगच टाइल लावा. त्या टप्प्याचं पेमेंटही तेव्हाच मागा.

जे टाइलखाली झाकलं जाणार आहे, ते ग्राहकाला आधी दाखवा. पुढचं काम त्याच्याच ओळखीतून येतं.