बशीतल्या पेशी आणि रक्तातली मात्रा

कांदा, सोयाबीन किंवा ग्रीन टीमधल्या फ्लॅव्होनॉइड या वनस्पतिजन्य संयुगांमुळे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मरतात, अशा बातम्या वरचेवर येतात. त्या बहुधा खोट्या नसतात. प्रयोगशाळेत कांद्यातले क्वेर्सेटिन, सोयाबीनमधले जेनिस्टीन यांनी या पेशींचे विभाजन खरोखरच थांबते. माझी तक्रार आहे ती बातमी तिथेच संपते याबद्दल. यातले असंख्य प्रयोग एमसीएफ-७ या पेशींवर होतात. १९७० मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्ण स्त्रीच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या मिळाल्या आणि आजही जगभर काचेच्या-प्लॅस्टिकच्या बशांत वाढवल्या जातात. त्या बशीला ना आतडे असते, ना यकृत. तिच्यात साधारण १० ते १०० मायक्रोमोलर इतके फ्लॅव्होनॉइड थेट ओतता येते. जेवणातून गेलेले क्वेर्सेटिन मात्र रक्तात १ मायक्रोमोलरपर्यंतही क्वचितच पोहोचते, आणि त्यातलाही बराच भाग आतड्याने व यकृताने रासायनिक जोड लावून बदललेला असतो. कांदा दुप्पट खाऊन हे अंतर भरून निघत नाही.

‘फायदा नसला तरी तोटा काय?’ असे कोणी म्हणेल. जेवणातल्या भाजी-फळांपुरते ते ठीकच आहे. शांघायमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या सुमारे ५,००० स्त्रियांच्या पाहणीत आहारात सोया अधिक असलेल्यांचे मृत्यू कमीच दिसले. पण अर्क आणि गोळ्या हा आहार नव्हे. जेनिस्टीनची रचना इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती. जास्त मात्रेत ते एमसीएफ-७ पेशींची वाढ रोखते, तर कमी मात्रेत तिलाच चालना देते. उंदरांवरच्या प्रयोगात त्याने टॅमॉक्सिफेनचा, म्हणजे स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेनला रोखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधाचा, परिणाम खोडून काढल्याचेही दिसले आहे. उंदरांवरून माणसाबद्दल निकाल देता येत नाही, हे मान्य. पण मग तोच नियम गुण सांगणाऱ्या प्रयोगांनाही लावावा लागेल. टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या बाईने डॉक्टरांना न विचारता सोयाच्या अर्काच्या गोळ्या सुरू करू नयेत, एवढे सांगायला हा पुरावा पुरे आहे.

कर्करोगावरची औषधे वनस्पतींतूनच आली, हा आक्षेप अधिक वजनदार. सदाफुलीतून विनब्लास्टिन मिळाले, यू वृक्षाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल. मात्र सदाफुलीची पाने चघळून कोणाचा कर्करोग बरा झाला नाही. रेणू वेगळा काढला गेला, मोजून शिरेतून दिला गेला, त्याचे दुष्परिणाम नोंदले गेले. फ्लॅव्होनॉइडांच्याच जातकुळीतल्या फ्लॅव्होपिरिडॉलने हीच वाट धरली. भारतीय झाडात सापडलेल्या रोहितुकिनवरून तो रेणू रचला गेला, पेशींचे विभाजन चालवणारी एन्झाइमे तो रोखतो आणि रुग्णांवर त्याच्या चाचण्याही झाल्या. बशीत इतकी चमक दाखवूनही तो नेहमीच्या उपचारांत आला नाही.

राहिला पैशाचा मुद्दा: स्वस्त गोष्टींच्या चाचण्या करणार कोण? मुंबईच्या टाटा मेमोरियलने केली. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेच्या जरा आधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दातांचे डॉक्टर वापरतात ते बधिरीचे स्वस्त औषध, टोचले तर काय होते, हे त्यांनी देशातल्या इतर केंद्रांसह दीड हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये तपासले. टोचलेल्या आणि न टोचलेल्या गटांची वर्षानुवर्षे तुलना केली आणि जगण्याचे प्रमाण वाढल्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. फ्लॅव्होनॉइडच्या गोळ्या डब्यांत भरून विकणाऱ्यांना अशी तुलना करून दाखवायला कोणी अडवलेले नाही.