शंखाचें वळण

“आमच्या मुलास वळणच नाहीं,” असें आईबाप सहज बोलून जातात. वळण कसें लागतें हें पाहावयाचें तर त्यांनीं तळ्यांतील लिम्निया जातीची गोगलगाय पाहावी, असें आम्ही सुचवितों.

तिच्या शंखाचें टोंक म्हणजे तिचें बाळपण होय. अंगावरील मांसल पडद्याची कड शंखाच्या तोंडाशीं चुन्याची भर घालीत जाते. वेढे रुंदावत जातात. परंतु ते उजवीकडे जावयाचे कीं डावीकडे, हें शंख बनण्यापूर्वींच ठरतें. अंड्यांतील चार पेशींच्या आठ होतांना वरच्या चार लहान पेशी एका बाजूस कलतात. हा कल पिलाच्या नव्हे, तर त्याच्या आईच्या आनुवंशिक गुणांवरून ठरतो.

इ. स. २००९ मध्यें जपानांतील रेइको कुरोदा व त्यांचे सहकारी यांनीं नेमक्या त्या वेळीं काचेच्या बारीक कांडीनें त्या पेशी उलट बाजूस ढकलल्या. गोगलगाई निरोगी वाढल्या, पण त्यांचे शंख उलट वळणाचे झाले! तयार शंखावर जोर केला तर तो फुटेल, वळणार नाहीं.

म्हणून वळण लवकर व हलक्या हातानें लावावें. छडीचें तेथें काम नाहीं, असें आमचें मत आहे. मात्र गोगलगाईस ही संधि एकदांच मिळते. मनुष्याचें मन चुन्याचें नाहीं. तेव्हां पालकहो, मागें पडलेल्या मुलास “हा असाच राहावयाचा” म्हणून शाळेंतून काढूं नका. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही स्वतःविषयीं तसें मानूं नका.