पहिली पायरी किती इंचांची?

‘अ‍ॅडमिशन’ हा शब्द आपल्याला काही नवीन नाही. सीईटी, मेरिट लिस्ट, कॅप राउंड, एका मार्कानं हुकलेली ब्रँच... हे सगळं भोगूनच आपण या हॉस्टेलात पोचलोय. पण साडेतीन वर्षांच्या पोराला बालवाडीत घालायला काय लागतं हो? जन्माचा दाखला, दोन फोटो, एक डबा आणि एक वॉटरबॅग. बहुतेक घरांत एवढ्यावर भागतं. ज्या मुलाला चालता येत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्याची समज जरा सावकाश येते, त्याच्या घरी मात्र भागत नाही. त्याची बालवाडीची अ‍ॅडमिशन आपल्या कुठल्याही कॅप राउंडपेक्षा अवघड असते. तिथे लिस्ट लागत नाही, वेटिंग नसतं. नुसतंच ‘नाही’ म्हणतात!

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. अशा मुलाच्या वाटेतला अर्धा अडथळा त्याच्या शरीरात असेल, पण उरलेला अर्धा आपण बांधलेला असतो. वीट, सिमेंट आणि नियम वापरून. आणि जे बांधलंय ते बदलता येतं. बदलायचं काम कुणाचं? चार वर्षं ‘डिझाइन’, ‘डिझाइन’ करत रात्री जागवणाऱ्या आपलंच ना?

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा आता चार वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. नाव ऐकून दचकू नका. हा संसर्गाचा रोग नाही. जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर थोड्याच काळात, वाढत्या मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागाला इजा झालेली असते. ती इजा पुढे वाढत जात नाही, पण स्नायू ताठर राहतात. कंट्रोल सिस्टिमचा पेपर दिलेल्यांना सांगायचं तर मोटर जाग्यावर आहे, कंट्रोलरचा सिग्नल नीट पोचत नाही. आमच्या भाच्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. हात बऱ्यापैकी चालतात. बोलतो सावकाश. डोकं मात्र तल्लख! रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तर घरात बसून, नुसत्या आवाजावरून तो कुणाचा ते सांगतो.

ताई-दाजी त्याला घेऊन तालुक्याच्या गावातल्या तीन बालवाड्यांत गेले. पहिल्या ठिकाणी ‘आमच्याकडे तशी सोय नाही’. दुसऱ्या ठिकाणी ‘बाकीचे पालक काय म्हणतील?’ तिसऱ्या ठिकाणी तर कमालच! ‘चालायला लागला की घेऊन या.’ म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नका, तसं. कुणी रागावून बोललं नाही, उलट प्रत्येक ठिकाणी चहा मिळाला. पण ताई म्हणाली, ‘अरे, गोड बोलून नाही म्हटलं की भांडताही येत नाही.’

आता बालवाडीच्या बाईंच्या बाजूनंही बघू. एका खोलीत तीस-पस्तीस पोरं. एक रडतंय, एक पळतंय, एकानं चड्डी ओली केलीय. त्यात हे मूल. त्याला शी-शूला कोण नेणार? पडलं तर जबाबदार कोण? ‘सोय नाही’ या दोन शब्दांच्या पोटात हे सगळं असतं, आणि ते खोटं नाही. अशा मुलासाठी काय करायचं हे त्या बाईंना कुणी शिकवलेलं नसतं. त्यामुळे त्यांना दुष्ट ठरवून आपला प्रश्न सुटत नाही. त्यांना विचारायला हवं, ‘बाई, काय दिलं तर जमेल?’

हा प्रश्न चौथ्या ठिकाणी विचारला गेला. ते ठिकाण म्हणजे ताईच्या वाडीवरची साधी अंगणवाडी. सेविकाबाई म्हणाल्या, ‘आणा की. पण पहिला महिनाभर घरचं कुणीतरी बसा, आणि तेवढ्या पायऱ्यांचं बघा.’ बस्स! अटी दोन, आणि दोन्ही पुऱ्या करता येण्यासारख्या. महिनाभर भाच्याची आजी दारात बसली. पायऱ्यांचं माझ्याकडे आलं.

पायऱ्या तीन, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे एकूण चढ अठरा इंच. रॅम्पचा सर्वमान्य उतार १:१२, म्हणजे जेमतेम पावणेपाच अंश. अठरा गुणिले बारा, २१६ इंच, म्हणजे अठरा फूट लांबी हवी. पुढचं अंगण सोळा फुटांचं. मग काय, नऊ-नऊ फुटांचे दोन तुकडे, मध्ये वळायला पाच फुटांची सपाट जागा. कडेला चाक घसरू नये म्हणून छोटा कठडा, आणि मुलांच्या हाताला येईल असा खालचा दांडा. गवंडीमामांना उतार घोटून गुळगुळीत करायचा होता, कारण ‘फिनिशिंग’ चांगलं दिसतं! त्यांना सांगावं लागलं की मामा, हा खरखरीतच पाहिजे, पावसाळ्यात पोरं घसरतील. इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या पहिल्या शीटपेक्षा हे ड्रॉइंग सोपं होतं.

दुसरं काम खुर्चीचं. अशा मुलाला जमिनीवर मांडी घालून बसवलं की त्याची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते, मग हात खेळायला मोकळे राहत नाहीत. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मापं घेऊन दिली. पाऊल पूर्ण टेकलेलं, घोटा, गुडघा आणि कंबर साधारण काटकोनात, गुडघ्याच्या मागे दोन बोटं जागा, पाय कात्री होऊ नयेत म्हणून मध्ये एक ठोकळा, पुढे ट्रे. आपल्या कारपेंट्री शॉपच्या सरांनी उरलेलं प्लायवूड काढून दिलं आणि रंधा मारायला स्वतः उभे राहिले. दोन शनिवारांत खुर्ची तयार. एक मात्र लक्षात ठेवा, मापं आपल्या अंदाजानं घ्यायची नाहीत. खुर्ची चुकीच्या मापाची झाली तर फायद्याऐवजी नुकसान होतं.

पुढे काय झालं? फार काही झालं नाही! पोरगं पहिले चार दिवस रडलं, शेजारचंही रडत होतं. एका मुलीनं विचारलं, ‘ह्याचे पाय असे का?’ बाई म्हणाल्या, ‘त्याच्या पायांना आपलं ऐकायला जरा वेळ लागतो.’ मुलांना एवढं उत्तर पुरलं. आता भांडण असतं ते त्याच्या ट्रेवर ठोकळे कुणी रचायचे यावरून. तो अजून चालत नाही, कदाचित आधाराशिवाय कधी चालणारही नाही. पण ‘मला पण’ हे दोन शब्द तो तिथे शिकला. घरात एकटा असताना ते म्हणायची वेळच येत नव्हती.

हॉस्टेलच्या मेसमध्ये यावरून आमचा चांगलाच वाद झाला. रूममेटचं म्हणणं, ‘अशा मुलांसाठी स्पेशल शाळा असतात, तिथे तज्ज्ञ असतात. साध्या बालवाडीत टाकून काय मिळवलंत?’ मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. ऐकू न येणाऱ्या मुलाला नुसतं गर्दीत बसवलं आणि ना खुणांची भाषा दिली, ना श्रवणयंत्र, तर ते पस्तीस जणांत एकटंच राहतं. त्याला तज्ज्ञ लागतो, आणि लवकर लागतो. पण तज्ज्ञ हवा म्हणून शेजारची पोरं नकोत, हे कुठलं गणित? आणि वाडीपासून स्पेशल शाळा चाळीस-पन्नास किलोमीटरवर असेल तर चार वर्षांच्या मुलानं रोज एसटीनं जायचं का? थेरपी चालूच राहू दे. पण मैत्री ही थेरपीच्या खोलीत शिकवता येत नाही.

मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी शाळा काढली, ती स्वतःच्या मुलीला योग्य शाळा मिळेना म्हणून. स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ती हीच. म्हणजे स्पेशल शाळेच्या त्या भारतातल्या मोठ्या पुरस्कर्त्या. पण पुढे त्यांनीच अभ्यास करून दाखवलं की ‘सर्व’ मुलांसाठी असलेल्या अंगणवाडी योजनेत अपंग मुलं प्रत्यक्षात घेतलीच जात नाहीत, आणि त्यांची संस्था सर्वांच्या एकत्र शिक्षणाकडे वळली. आमच्या रूममेटनं यावर विचार करावा!

आता कायद्याचं बघा. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो ६ ते १४ वयासाठी. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आला. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, मोफत शिक्षण मिळालं, पण तेही ६ ते १८ वयात. सहाच्या आतल्यांचं काय? राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात त्यांच्यासाठी ‘राज्य प्रयत्न करील’ असं आहे. हक्क नाही, प्रयत्न! आणि २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वतःच म्हणतं की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाआधी होते. म्हणजे ज्या काळात मदतीचा सगळ्यात जास्त उपयोग, नेमका त्याच काळात हक्क कच्चा. २०११ च्या जनगणनेत ६ वर्षांपर्यंतची अपंग मुलं २० लाखांवर होती. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची खास कार्यपद्धती जाहीर केली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कागद दिल्लीहून वाडीवर पोचला तरी दारातल्या तीन पायऱ्या तो चढत नाही. ‘अपंग’चं ‘दिव्यांग’ झालं, पायरी तेवढीच उंच राहिली!

खरं तर ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्याच मातीतला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पाहिलं की पाड्यावरची मुलं बालवाडीत येऊ शकत नाहीत. मग त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मूल येऊ शकत नसेल तर शाळेनं हलायचं, मुलाला दोष द्यायचा नाही, हा त्यामागचा विचार. सरकारची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तिनं हे नाव उचललं. नाव उचललं तसा विचारही उचलायला हवा. ‘चालायला लागला की आणा’ म्हणणं हे त्या नावाच्या बरोबर उलट आहे.

मग आपण काय करायचं? दरवर्षी एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर होतं. ग्रामस्वच्छता, प्रभातफेरी, समारोपाला भाषणं. त्यातला एक दिवस टेप आणि वॉटर लेव्हल घेऊन त्या गावच्या अंगणवाडीत जाऊ. पायरी मोजू, दाराची रुंदी मोजू, संडासात धरायला दांडा आहे का बघू. सिव्हिलवाल्यांनी ड्रॉइंग काढावं, ग्रामपंचायतीला एस्टिमेट द्यावं. मेकॅनिकलवाल्यांनी फिजिओथेरपिस्टना विचारून खुर्च्या कराव्यात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी बटण दाबलं की शब्द बोलणारी साधी पेटी करावी. फायनल इयरला तोच तो ‘लाइन फॉलोअर रोबो’ किती वर्षं करणार? मात्र फोटो काढून पळ काढायचा नाही. खुर्ची मोडली तर दुरुस्त कोण करणार हे आधी ठरवायचं. मूल वाढतं, खुर्ची वाढत नाही, म्हणजे दर वर्षी पुन्हा जावं लागणार.

आणि सर, मॅडम, एक विनंती आपल्यालाही. २०१६ च्या कायद्यानं सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा ठेवल्या आहेत. आज बालवाडीत बसलेलं असं एखादं मूल चौदा वर्षांनी आपल्याच कॉलेजचा फॉर्म भरेल. जागा त्याची असेल, मार्कही असतील. पण आपल्या मेसला सात पायऱ्या आहेत, ड्रॉइंग हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. चौदा वर्षं भरपूर झाली की! आज रात्री जेवायला जाताना त्या सात पायऱ्या जरा मोजून बघा. उंची पाचेक इंच धरली तर रॅम्प किती फुटांचा लागेल? गणित सोपं आहे. व्हायवाला विचारलं तर सगळे फटकन सांगाल!