कपाळाच्या कातडीचे नाक

मागच्या महिन्यात गोरेगाव तालुक्यातल्या एका गावी नामकरणाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. पंगत बसली तेव्हा घरातली एक बाई चुलीपाशी, पदर नाकावरून ओढून बसलेली दिसली. मोहफुले वेचताना अस्वलाने तिचा चेहरा फाडला होता. जखम भरली, पण अर्धे नाक गेले. दोन वर्षे झाली. तेव्हापासून ना लग्नाला, ना बाजाराला. तिच्या नणंदेने मला बाजूला घेऊन विचारले, "नागपूरचे डॉक्टर म्हणतेत, कपाळाचं चामडं घेऊन नाक बनवून देऊ. असं होते का जी? का फसवतेत?"

होते. आणि ही आजची गोष्ट नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी आपल्या पुण्याजवळ असे नाक लावल्याची छापील नोंद आहे.

कावसजी नावाचा शेतकरी जातीचा एक मराठी माणूस इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. तिथे त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक लावले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याची हकिगत चित्रासह छापून आली.

रीत अशी. मेणाचा पातळ पत्रा घेऊन त्याचे नाक बनवायचे. ते चपटे करून कपाळावर ठेवायचे, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण सगळी तोडायची नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची, तिच्यावरच कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची. जोडावर पाण्यात कालवलेला कात लावून कापडाच्या पट्ट्या. हो, विड्यातला तोच खैराचा कात. चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापायची.

त्या बातमीत टिपूचे नाव आहे, कावसजीचे आहे, अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहणाऱ्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन साहेब डॉक्टरांचीही आहेत. ज्याने नाक लावले त्याची मात्र फक्त जात दिली आहे: विटा पाडणारा. म्हणजे आपला कुंभार. सुश्रुताचे नाव घेऊन मिरवणारे पुष्कळ भेटतात. पण त्या ग्रंथात गालाची कातडी घ्यायला सांगितली आहे. कपाळाची ही रीत पुण्याजवळ ज्या हातांत होती, ते चिखल मळणारे हात होते. पुढे लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी तिचा अभ्यास करून १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली, १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. कार्प्यूंचे नाव जगाला माहीत आहे.

मी नणंदेला म्हटले, तुम्ही पऱ्हे उपटून रोवणा करता ना? भाजलेल्या जागी पातळ कातडी लावतात ती तशी; खालची जमीन ओली असली तरच जगते. हे नाक मात्र भोपळ्याच्या वेलासारखे. मूळ आपल्या वाडीत, शेंडा शेजारच्या छपरावर. त्या पट्टीतून रक्त येत राहते म्हणून कातडी जिवंत राहते. नव्या जागेशी रक्ताचे नाते जुळले की देठ कापायचा. आजही साधारण तीन आठवड्यांनीच कापतात. आता भूल आहे, औषधे आहेत; देठाचा हिशेब तोच.

खर्रा खाऊन ज्यांच्या जबड्याला कर्करोग झाला, त्यांच्या गालाची जागा छातीचा स्नायू आणि कातडी वळवून भरतात ती याच हिशेबाने. कधी पायाचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून जबडा करतात. तेव्हा देठ पुरा तुटतो आणि त्या बारीक वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली गळ्यातल्या वाहिन्यांना शिवाव्या लागतात. अशा रोग्याने बिडी ओढली तर वाहिन्या आकसतात आणि लावलेला तुकडा काळा पडून मरू शकतो. घरातल्यांनी दवाखान्यात चोरून बिडी नेऊन देऊ नये. देतात, म्हणून लिहितो.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अशा बऱ्याच शस्त्रक्रिया बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. जंगली जनावराने जखमी केले तर वनविभागाकडून मदत मिळते. त्यासाठी वनरक्षकाला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा.

इतका वेळ ती बाई ऐकत होती. पदराआडूनच म्हणाली, "तीन हप्ते कपाळ आन् नाक जोडलेलं राहीन. लेकरू भेईल ना जी?"

भेईल, म्हटले. त्याला आधीच सांगून ठेवा. आणि टाके सुटले की मधेच घरी निघून येऊ नका, देठ कापायचा बाकी असतो.

"मी राहीन तिच्यासंगं," नणंद म्हणाली. "रोवणा झाला का जाऊ."