सहीपुरती लक्ष्मी

8 मार्चला गुलाबाची फुले वाटून झाली, सत्कार झाले, 'स्त्रीशक्ती'वर भाषणे झाली. आता महिनाअखेर आली आहे आणि मध्यमवर्गीय घरांत दुसराच कार्यक्रम सुरू आहे. करबचतीच्या गुंतवणुकीचे एजंटाने दिलेले फॉर्म नवरा जेवणाच्या टेबलावर पसरतो, पेन्सिलीने केलेल्या फुलीवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "इथे सही कर." ती ओले हात पुसते, सही करते आणि गॅसवरचे दूध उतू जाईल म्हणून आत पळते. नव्या करप्रणालीमुळे 31 मार्चची ही धांदल थोडी ओसरली आहे, सहीची पद्धत मात्र तशीच आहे.

महाराष्ट्रात घर केवळ बाईच्या नावावर घेतले तर 2021पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. त्या निमित्ताने कितीतरी सदनिका बायकांच्या नावावर चढल्या. चांगलेच झाले. पण त्या घराचा करारनामा कुठल्या कपाटात आहे, कर्जाचे किती हप्ते उरले आहेत आणि त्या कर्जावर विमा आहे का, असे मालकिणीला विचारून पाहा. "ते ह्यांना विचारा," हेच उत्तर बहुतेक ठिकाणी मिळेल.

याचा अर्थ बायकांना पैशातले कळत नाही असा कोणी काढू नये. महिन्याच्या तुटपुंज्या रकमेत घर चालवून वर भिशी लावणारी बाई हिशेबात कच्ची नसते. नोव्हेंबर 2016मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा डाळी-तांदळाच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून किती पैसा बाहेर आला हे प्रत्येक घराने पाहिले आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांनी गावातल्या बायकांची बँक काढायचे ठरवले, तेव्हा सभासद निरक्षर, अंगठेबहाद्दर, म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि 'व्याजाचा हिशेब तोंडी घालून बघा' असे आव्हान देऊन आल्या. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. प्रश्न अकलेचा नाहीच. रोजचा पैसा तिच्या हातात आणि उद्याचा पैसा दुसऱ्याच्या फाइलीत, ही जी वाटणी आपण करून ठेवली आहे तिचा आहे.

ही वाटणी महागात पडते ती उतारवयात. आपल्याकडे नवरा सहसा वयाने मोठा असतो आणि स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरी जास्त जगतात. म्हणजे आयुष्याचा शेवटचा टप्पा बहुतेक बायकांना एकटीने काढायचा असतो. निवृत्तीचे नियोजन मात्र 'आम्हा दोघांचे' म्हणून केलेले असते. खासगी नोकरीतल्या माणसाला 1995च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून जे मिळते त्याच्या साधारण निम्मे त्याच्यामागे पत्नीला मिळते. तिथे किमान पेन्शन 2014पासून महिना 1,000 रुपये आहे. सोसायटीचा मेंटेनन्स, विजेचे बिल आणि डॉक्टरची फी काही निम्मी होत नाही.

नवऱ्याच्या मागे काय होते ते बँकेच्या काउंटरपाशी उभे राहून पाहावे. दिवसकार्य आटोपून बाई पासबुक घेऊन येते. खाते जोडीने असते, नावही असते. पण खात्याला मोबाइल नंबर त्याचा जोडलेला, आणि मुलाने शहाणपणा करून ते सिमकार्ड गेल्याच आठवड्यात बंद केलेले. ओटीपी जातो तो कुठेच पोचत नाही. मुदत ठेवीची पावती सापडते, लॉकरची किल्ली सापडत नाही. म्युच्युअल फंडाचे कागद ई-मेलवर, ई-मेलचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेलेला. आणि हे सारे दु:ख ओले असताना, भाच्याला नाहीतर शेजाऱ्याला बरोबर घेऊन. दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. त्या शोधायला 2023मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ काढावे लागले, यातच सगळे आले.

"नॉमिनी मीच आहे ना!" असा एक दिलासा असतो. तोही तपासून घेतलेला बरा. ज्यांच्या 'कालनिर्णय'च्या चौकटींत घरोघरच्या बायका दुधाचा हिशेब मांडतात, त्या जयंत साळगावकरांच्या मालमत्तेचाच खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. डिसेंबर 2023मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की शेअर्सचा नॉमिनी हा मालक होत नाही. हक्क कायदेशीर वारसांचा. विम्याच्या पैशांबाबत हेच 1983मध्ये सांगून झाले होते; तिथला नियम मात्र 2015मध्ये बदलला. एरवी नॉमिनी म्हणजे सहसा पैसे स्वीकारून वारसांसाठी सांभाळणारी व्यक्ती, एवढेच.

दुसरा दिलासा सोन्याचा. सोने अडीनडीला उपयोगी पडते हे खरेच. पण विजेच्या बिलासाठी कोणी पाटली मोडत नाही, मोडली तर घट आणि घडणावळ जाते, आणि साठीपर्यंत त्यातले निम्मे लेकीसुनांच्या अंगावर गेलेले असते. दरमहा लागतो तो रोख पैसा. आज 30,000 रुपयांत चालणाऱ्या घराला, महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर वीस वर्षांनी सुमारे 96,000 रुपये लागतील. पन्नाशीतल्या बाईने हा आकडा स्वतःच्या सत्तरीपुढे लिहून पाहावा.

पन्नाशीला उशीर झालेला असतो का? काही दारे बंद झालेली असतात, हे खरे. अटल पेन्शन योजनेत चाळिशीपर्यंतच शिरता येते. महिला सन्मान बचत पत्र आले आणि 31 मार्च 2025ला संपलेही. राज्याच्या 'लाडकी बहीण' योजनेचे महिना 1,500 रुपये पासष्टीपर्यंतच. पण त्या निमित्ताने अनेकींचे स्वतःचे, आधारला जोडलेले खाते पहिल्यांदा चालते झाले, हे त्या योजनेचे आमच्या मते सर्वांत मोठे काम. ते खाते पुढेही चालते ठेवावे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे (पीपीएफ) खाते कुठल्याही वयात उघडता येते, राष्ट्रीय पेन्शन योजनेचे साठीनंतरही. साठी झाली की ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिची मर्यादा 2023मध्ये 15 लाखांवरून 30 लाख झाली. नवरा-बायकोला ती वेगवेगळी मिळते. 8.2 टक्के दराने 30 लाखांवर दर तिमाहीला 61,500 रुपये हाती येतात. करदात्या नवऱ्याने बायकोच्या नावे पैसे ठेवले तर त्यावरचे व्याज त्याच्याच उत्पन्नात धरले जाते, म्हणून "काय उपयोग?" असे म्हणणारे सल्लागार भेटतील. कर वाचत नाही, पण मुद्दल तिच्या मालकीचे होते. उपयोग तो आहे.

तिच्या नावावर झालेले तिच्या माघारी कुठे जाते, हेही पाहायला हवे. नारायणीदेवी नावाच्या बाईंचे 1955 साली लग्न झाले. तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढले. माहेरच्यांनी शिकवले, नोकरी लागली, त्यांनी पैसा साठवला. 1996 साली त्या गेल्या. मृत्युपत्र नव्हते. आईने दावा केला, पण हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15प्रमाणे, मूलबाळ आणि नवरा नसलेल्या स्त्रीच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पहिला हक्क नवऱ्याच्या वारसांचा लागतो. 2009मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहानुभूती बाजूला ठेवून कायद्याप्रमाणे निकाल दिला आणि ज्या घराने हाकलले त्याच घराकडे तिचा पैसा गेला. हे कलम अन्यायाचे आहे आणि ते बदलायला हवे. ते बदलेपर्यंत थांबायचे मात्र कारण नाही. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद, तिची सही आणि तिच्यासमोर सह्या करणारे, ज्यांना त्यातले काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार पुरतात.